पिवळ्यात चिमूटभर निळा

जून महिन्यात पोरांच्या वह्या-पुस्तकांच्या खरेदीसाठी तुम्ही पुण्याला गेलात आणि आप्पा बळवंत चौकात एखाद्या दुकानासमोर उभे राहिलात, तर फळीवर रंगीत मातीचे डबे मांडलेले दिसतील. शहरातली पोरं त्याला 'क्ले' म्हणतात. डब्यात सहा, आठ, बारा रंगांच्या कांड्या असतात. गावाकडचा बाप तो डबा हातात घेतो, उलटून किंमत बघतो आणि 'माती काय इकत घ्यायची?' असे म्हणून परत ठेवतो. त्याचे निम्मे बरोबर आहे. माती विकत घेण्याची काही गरज नाही. ती घरी होते, तीही पीठ, मीठ, हळद यांतून. पण त्या डब्यातून शहरातले पोर जे शिकते, ते आपल्या पोराने का सोडावे? म्हणून हा लेख.

आपल्या शाळांतून रंग कसे शिकवले जातात ते आठवून बघा. भिंतीवर तक्ता रंगवलेला असतो. लाल अधिक पिवळा बरोबर नारिंगी. पिवळा अधिक निळा बरोबर हिरवा. लाल अधिक निळा बरोबर जांभळा. पोरं पाढ्यासारखे म्हणतात आणि परीक्षेत लिहितातही. पण त्याच पोराच्या हातात पिवळा आणि निळा देऊन म्हणा, 'बाळा, मला पोपटी करून दे.' ते दोन्ही सारखे घेते आणि बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा काढून दाखवते. पोपटी कसा होतो हे तक्त्यावर लिहिलेले नसते. तो हाताला कळावा लागतो.

आता कृतीकडे वळू. दोन वाट्या मैदा घ्या, नसला तर गव्हाचे चाळलेले पीठ चालेल, फक्त रंग थोडे मळकट येतात. त्यात एक वाटी बारीक मीठ आणि दोन चमचे गोडेतेल घाला. पाणी एकदम ओतू नका. साधारण पाऊण वाटी लागते, पण पिठापिठात फरक असतो. कणीक तिंबतो तसे चांगले तिंबा, हाताला चिकटायचे थांबले की झाले. मिठामुळे गोळा आंबत नाही आणि पोराने जीभ लावलीच तर दुसऱ्यांदा लावत नाही. तरी फार लहान लेकरांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या तोंडाला हा गोळा लागू देऊ नका, एवढे मीठ पोटात जाणे बरे नव्हे.

गोळ्याचे चार भाग करा. एक पांढराच राहू द्या. दुसऱ्यात हळद. तिसऱ्यात बीट किसून पिळलेला रस. चौथ्यात गोकर्णीच्या निळ्या फुलांचे पाणी. मूठभर फुले थोड्या गरम पाण्यात चुरडली की निळेशार पाणी सुटते. ज्यांना जमेल त्यांनी किराणा दुकानातला खायचा रंग वापरावा, तो जास्त उठावदार येतो. फक्त आपल्याकडच्या दुकानांत लाल, केशरी, हिरवा सहज मिळतो, निळा शोधावा लागतो. कपड्यांची नीळ मात्र पोरांच्या हातात देऊ नये. रंग छान येतो हे खरे, पण ती खाण्याची वस्तू नाही, आणि पोरांचे हात दिवसभर तोंडातच असतात.

बीट घेतले म्हणजे लाल कुठे आला, गुलाबीच आला की, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, आणि ते फायद्याचे आहे. तक्त्यावरचा लाल आणि निळा मिसळून बघा, जांभळा म्हणून जे काही होते ते वांग्याच्या सुकलेल्या सालीसारखे काळपट होते. याउलट बिटाचा गुलाबी-किरमिजी आणि गोकर्णीचा निळा यांतून स्वच्छ जांभळा निघतो. छापखान्यातली माणसे हे केव्हाचे जाणतात. तुमच्या हातातल्या वर्तमानपत्राचे रंगीत पान भिंगाखाली धरा. तिथे लाल शाई नाही, हिरवी नाही. पिवळे, किरमिजी, आकाशी आणि काळे असे बारीक ठिपके शेजारी शेजारी बसलेले दिसतील. टोमॅटोचा लाल म्हणजे किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांची गर्दी. म्हणजे लाल, पिवळा, निळा हेच मूळ रंग, ही गोष्ट शाळेपुरती ठीक आहे. छपाईत लालच्या जागी किरमिजी आणि निळ्याच्या जागी आकाशी बसतो.

छपाईचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याजवळच्या मळवलीला, राजा रविवर्म्याच्या चित्रांचा छापखाना होता. 1894 मध्ये तो मुंबईला सुरू झाला आणि पुढे मळवलीला हलवला गेला. आजीच्या देवघरातली जुनी लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर पाहिली असेल, ती त्या परंपरेतली. तिथे एकेका रंगाला वेगळा दगड असे. कागद एका दगडावरून दुसऱ्यावर जाई आणि रंगावर रंग चढत जाऊन शेवटी लक्ष्मीच्या गालावरची लाली उमटे. कोणता रंग आधी, कोणता नंतर, किती पातळ, याचा हिशेब चुकला तर सगळा कागद वाया.

परत आपल्या गोळ्याकडे येऊ. पोरांना मोठा गोळा देऊ नका. बोराएवढ्या सारख्या गोळ्या वळायला सांगा. सारख्या असल्या पाहिजेत, कारण पुढचा सगळा खेळ मोजणीचा आहे. एक पिवळी आणि एक निळी घेऊन मळली की गडद हिरवा. दोन पिवळ्या नि एक निळी, हिरवा उजळतो. चार पिवळ्या नि एक निळी घेतल्या की पोपटी दिसायला लागतो. सहाला एक केली तर कोवळ्या भाताच्या रोपासारखा रंग येतो. निळा जोरकस आहे, तो थोडासाही पुरे होतो; पिवळा गरीब, त्याला संख्याबळ लागते. पिवळ्यात चिमटी-चिमटीने निळा घालत जावे. उलट केले, म्हणजे निळ्यात पिवळा घालत बसले, तर पोपटी येईपर्यंत अर्धा डबा संपतो. रंगारी असो की घरातली गृहिणी, वरणात तिखट घालताना हेच करते: आधी थोडे, मग चव बघून अजून.

तिसरीच्या वर्गात हे केले तर अपूर्णांकाचा धडा आपोआप होतो. पाचातला एक भाग निळा, चार पिवळे. फळ्यावर केक कापून दाखवण्यापेक्षा हे बरे, कारण इथे भाग चुकला तर रंग चुगली करतो. प्रत्येक गटाने आपली गोळी चपटी करून पुठ्ठ्यावर चिकटवावी आणि खाली 'चार पि., एक नि.' असे लिहावे. महिन्याभरात वर्गाचा स्वतःचा रंगतक्ता तयार होतो, आणि तो कुठल्या पेंटरने रंगवलेला नसतो.

मग रंगपेटी आणि कुंचला काय वाईट, असे एखादे गुरुजी विचारतील. वाईट नाही, पण पहिल्यांदा मातीच बरी. पाण्याच्या रंगात दोन थेंब एकत्र झाले की क्षणात तिसरा रंग होतो. काय घडले ते दिसतच नाही. पाणी जास्त झाले तर फिकट, कागद हलका असला तर फाटतो, कुंचला धुतला नाही तर पुढचे सगळे रंग घाण. मातीत मिसळण सावकाश होते. पहिल्या दोन-चार दाबांत पिवळ्या-निळ्याचे पट्टे पडतात, संगमरवरासारखे. अजून मळले की पट्टे बारीक होतात, दोऱ्यासारखे. मग एक वेळ अशी येते की हातभर अंतरावरून गोळा हिरवा दिसतो आणि डोळ्याजवळ नेला तर पिवळे-निळे धागे वेगळे दिसतात. इथे पोरांना थांबवा. 'लांब धर, जवळ धर' करायला सांगा. वर्तमानपत्रातल्या ठिपक्यांची हीच गंमत, आणि धूपछाव लुगड्याचीही. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, आणि पदर हलला की तिसराच रंग डोळ्यांत येतो. येवल्या-पैठणचा विणकर रंग कालवत नाही, शेजारी शेजारी बसवतो, कालवायचे काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडतो.

लुगड्यांचा विषय आला की बायकांना गप्प बसवणे कठीण, आणि बसवूही नये. आपल्या भाषेत रंगांची किती नावे आहेत! अबोली, आमसुली, अंजिरी, डाळिंबी, मोरपंखी, गुलबक्षी, शेवाळी, विटकरी, किरमिजी, पिस्ता, मोतिया, मेंदी. ही नावे फळा-फुलांवरून, पाखरांवरून आली. आताची पोरं 'लाईट ग्रीन', 'डार्क ग्रीन' म्हणून मोकळी होतात. मातीच्या खेळात एक दिवस आजीला शाळेत बोलवा. आजी म्हणेल, 'आमसुली कर.' पोरांनी तो करून दाखवायचा. बिटाचा रंग घ्या, त्यात थोडा निळा, वर चिमूटभर काजळी. आजी मान हलवेल, 'ह्यो न्हाई, अजून तांबूस पायजे.' मग पुन्हा मळा. असा तास पाठ्यपुस्तकात सापडायचा नाही.

काही मिश्रणे पोरांना चकित करतात, ती मुद्दाम करून घ्या. पिवळ्यात थोडी काजळी घातली तर काळपट पिवळा येईल असे सगळे म्हणतात. येतो शेवाळी हिरवा. लाल आणि हिरवा एकत्र केले तर तपकिरी. सगळे रंग एकत्र मळले तर? प्रत्येक वर्गात हे कोणी ना कोणी न सांगताच करतेच, आणि हाती मातकट गोळा येतो. त्याला रागावू नका. त्याला विचारा, की न्यूटनसाहेबाने तर सात रंग मिळून पांढरा उजेड होतो असे म्हटले, मग तुझा पांढरा का झाला नाही? सात रंगांचे पुठ्ठ्याचे चकते दोऱ्यावर जोरात फिरवले की ते फिकट, जवळजवळ पांढरे दिसते. मातीचे मात्र उलट. कारण असे, की उजेडात उजेड मिसळला की भर पडते, पण प्रत्येक रंगद्रव्य उजेडातला काही भाग गिळते. पिवळा गोळा निळे किरण गिळतो, निळा गोळा तांबडे गिळतो, दोघांच्या तावडीतून सुटतात ते हिरवे. गिळणारे जितके जास्त, तितका उजेड कमी परत येणार. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या 'आयुका' संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्तांनी तिथे अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला मुलांना शिकवले. दोऱ्यावरच्या चकत्यासारखी खेळणी त्याच जातकुळीतली. पुठ्ठा, दोरा आणि कात्री एवढ्यावर होणारी.

एक गोष्ट मात्र मिश्रणात मोजू नका. हळदीच्या गोळ्याला चुना लागला की तो लालभडक होतो. पोरं ओरडतात, 'बाई, पिवळ्यात पांढरा घातला तर लाल झाला!' ही रंगांची मिसळ नव्हे, हा रासायनिक बदल आहे. हळदीत लिंबू पिळून पाहा, ती पुन्हा पिवळी होते. गोकर्णीचे निळे पाणीही लिंबाने जांभळे होते. हे प्रयोग वेगळ्या दिवशी करावेत, नाहीतर पोरांच्या डोक्यात दोन्हींची खिचडी होते.

आता पुण्यातल्या खऱ्या मातीकामाकडे. कसबा पेठेत कुंभारवाडा आहे, आणि मुंढव्याजवळ केशवनगरला कुंभारांची मोठी वस्ती आहे. बेंदूर-पोळ्याचे मातीचे बैल, दिवाळीच्या पणत्या, पोरांच्या किल्ल्यावरचे मावळे ही तिथली आणि तशाच गावोगावच्या घरांची कामे. जुने कुंभार-मूर्तिकार रंग खाणीतून आणि चुलीतून काढत. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवडी, पांढऱ्यासाठी खडू किंवा चुना, काळ्यासाठी काजळी. गेरू आणि पिवडी ही दोन्ही लोखंडाच्या गंजाची भावंडे. पिवडी चांगली भाजली तर तीच तांबडी होते. एवढ्या चार-पाच वस्तूंत सगळा गणपती रंगत असे. अंगाचा रंग म्हणजे पांढऱ्यात थोडा पिवळा आणि चिमूटभर तांबडा. किती चिमूट हे कुठे लिहिलेले नसे, ते बापाच्या शेजारी बसून पोराला कळे.

ही विद्या आता पुन्हा लागणार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 साली मूर्तींसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2020 साली त्या सुधारून अधिक कडक केल्या. प्लॅस्टर ऑफ पॅरिस नको, विषारी आणि न विरघळणारे रंग नकोत, माती आणि नैसर्गिक रंग वापरावेत, असा त्यांचा रोख. प्लॅस्टरवरून कोर्टकचेऱ्या चालूच राहिल्या, त्यात इथे शिरत नाही. पण घरात शाडूची मूर्ती आणणारे शहरात वाढले आहेत हे खरे. श्रावणात पुण्यातल्या शाळाशाळांतून, सोसायट्यांतून मुलांना शाडूचा गणपती करायला शिकवणारे वर्ग भरतात. विसर्जनाची शाडू माती गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याचा 'पुनरावर्तन' नावाचा उपक्रमही पुण्यात चालतो. आता तयार डब्यातला 'गोल्डन' आणि 'फ्लोरोसंट' सोडून गेरू-हळदीत काम करायचे, तर ज्याला चार रंगांतून चाळीस काढता येतात त्याचीच मजुरी वाढणार. तुमच्या गावातल्या ज्या पोराला हाताला वळण आहे, त्याला हे काम हंगामी का होईना, पण रोकड्या पैशांचे आहे.

ही कल्पना नवी म्हणावी तर तसेही नाही. इंग्लंडात बाथ या गावी विल्यम हार्बट नावाच्या चित्रकला शिक्षकाने 1897 साली न वाळणारी माती तयार केली, कारण त्याच्या विद्यार्थ्यांची माती काम पुरे व्हायच्या आत वाळे. तीच 'प्लॅस्टिसिन'. अमेरिकेतली 'प्ले-डो' तर मुळात भिंतीवरचा कागद पुसायचा पिठाचा लगदा. 1956 पासून ती खेळणे म्हणून विकली जाऊ लागली. आणि आपल्याकडे ताराबाई मोडक. 1945 साली बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्यांच्याबरोबर आयुष्यभर राबल्या त्या अनुताई वाघ आपल्या जिल्ह्यातल्या मोरगावच्या. माँटेसरीबाईंच्या पेटीत रंग ओळखायला रंगीत पट्ट्या असत, महागड्या. ताराबाईंनी शिंपले, बिया, पाने, दगडगोटे, माती हेच साहित्य केले. अंगणवाडी हा शब्दही त्यांच्याच कामातून आला. तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनी रंगीत कणकेचा गोळा मळला तर ते नवे फॅड नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचे, आणि हे पालकांनी नीट वाचावे. गोळ्यांच्या खेळात एखादा मुलगा सतत तपकिरी आणि हिरवा यांत घोटाळा करतो. जांभळी गोळी निळ्यांच्या ढिगात टाकतो. बाकीची पोरं हसतात, बाई म्हणतात, 'लक्ष कुठंय रे तुझं?' लक्ष तिथेच असते. त्याला तो फरक दिसतच नसतो. याला रंगांधळेपणा म्हणतात, पण पोर आंधळे नसते, त्याची नजर इतर बाबतीत उत्तम असते. बहुधा तांबडा आणि हिरवा यांत गल्लत होते इतकेच. हा दोष जन्मतः असतो, आईच्या बाजूने येतो, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त आढळतो. आईला स्वतःला काहीच त्रास नसतो, मात्र तिच्या वडिलांना किंवा भावाला तो असू शकतो.

हे लहानपणी कळले नाही तर काय होते? आपल्या भागात पोरं पहाटे चारला उठून रस्त्यावर पळतात. सैन्यभरतीसाठी, रेल्वेसाठी. तीन-तीन, चार-चार वर्षे घाम गाळतात. पळणे पास, लेखी पास, आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांचे पुस्तक समोर येते. जपानच्या इशिहारा नावाच्या डॉक्टरांनी 1917 मध्ये काढलेली ती चाचणी. ठिपक्यांतला आकडा इतरांना दिसतो, याला दिसत नाही, आणि रेल्वे इंजिनाची जागा तिथेच जाते. पोराला विशीत पहिल्यांदा कळते, की आपल्याला जन्मापासून हे आहे. बाप म्हणतो, 'आधी कळलं असतं तर दुसरी वाट धरली असती.' कळू शकले असते, पहिलीच्या वर्गात, गोळ्या निवडताना.

गोळ्यांच्या खेळावरून निदान करू नये, हेही सांगायला हवे. पोर कंटाळले असेल, नावे माहीत नसतील. म्हणून नाव विचारू नका. 'यासारखी दुसरी शोध' एवढेच म्हणा. तीन-चार वेळा वेगवेगळ्या दिवशी तीच गल्लत दिसली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. उपचाराने हा दोष बरा होत नाही, पण वाट ठरवायला मदत होते. वाटा बंदच असतात असेही नाही. सौम्य आणि मध्यम दोष असणाऱ्यांना वाहन परवाना मिळावा म्हणून 2020 साली नियम बदलले गेले. आपल्या पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटने रंगांधळेपणामुळे एका उमेदवाराला संकलनाच्या अभ्यासक्रमात प्रवेश नाकारला होता. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो द्यायला सांगितले, आणि अशा उमेदवारांना सरसकट बाहेर ठेवू नका असेही बजावले. वर्गातल्या अशा पोराला गुरुजींनी रंगपेटीतल्या खडूंवर नाव लिहून द्यावे आणि नकाशात नुसत्या रंगाऐवजी रेघा-ठिपके वापरावेत. त्याला चारचौघांत 'हा कोणता रंग, सांग?' असे विचारू नये.

खर्चाचे म्हणाल तर तीस पोरांच्या वर्गाला दोन-अडीच किलो मैदा पुरतो. गोळे ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवले तर आठवडाभर मऊ राहतात. बिटाचा गोळा मात्र दोन-तीन दिवसांत उतरतो, तपकिरी पडतो, तो ताजाच करावा. मुंग्यांपासून जपावे. मळताना गोळा सुटायला लागला तर पाणी नको, तेलाचा हात लावा. आणि गोकर्णीचा वेल शाळेच्या कुंपणावर नसेल तर पावसाळ्याच्या तोंडाला दोन बिया टोचून ठेवा, दसऱ्यापर्यंत फुले मिळतात.